देव एक, तर मग दलाल इतके काहून?





आमच्या शेतकरी व कारागीर बांधवांस हल्ली दोन तऱ्हेचे उपदेशक भेटतात. पहिला सप्ताहात नाहीतर मोबाईलवर भेटतो. तो सांगतो की, धर्म स्थापन करणारे थोर पुरुष म्हणजे साक्षात अवतार. ते जन्मले तेव्हा आकाशात तारा उगवला, नागाने फणा धरला, मेघाने सावली केली. तुम्ही-आम्ही पामर जीव, आपण नुसते पाया पडावे आणि पेटीत चार पैसे टाकून घरी जावे. दुसरा सांगतो की, एकच देव मानणारे धर्म परमुलखातले, वाळवंटातले. आपल्या मातीशी त्यांचे नाते नाही, सबब त्यांच्या संस्थापकांची चरित्रे वाचण्याचे आपणांस कारण नाही. हे दोघे एकमेकांचे हाडवैरी दिसतात. पण दोघांच्या बोलण्याची बेरीज एकच येते, ती ही की, बाबांनो, चरित्रे वाचू नका!

आम्ही खेड्यातले शाळामास्तर. वाचणे हाच आमचा धंदा, म्हणून वाचली. आणि वाचल्यावर जे दिसले ते लपवून ठेवणे आम्हांस बरे वाटत नाही.

आधी या मंडळींचे धंदे पाहा. मोशे हा सासऱ्याची मेंढरे राखीत होता. येशू सुतार. महंमद पैगंबरांचा बाप त्यांच्या जन्माआधीच वारला, आई सहाव्या वर्षी गेली. आजोबांनी व नंतर चुलत्याने सांभाळले. पोरवयात मक्केतल्या लोकांच्या मेंढ्या राखल्या आणि मोठेपणी खदीजा नावाच्या कर्त्या व्यापारी बाईचा माल तांड्याबरोबर परगावी नेला. नानक सुलतानपुरास सरकारी कोठारात धान्य मोजून देण्याच्या कामावर होते. देशोदेशी हिंडून झाल्यावर रावीच्या काठी कर्तारपुरास स्वतः नांगर धरून शेती करीत राहिले, तेथेच १५३९ साली वारले. जोतीराव फुले माळ्याच्या घरचे. धनगर, सुतार, मापारी, कास्तकार, माळी! बाजाराच्या दिवशी आमच्या पारावर बसतात ती हीच मंडळी नव्हेत काय? बसवेश्वर ब्राह्मणाच्या घरी जन्मले आणि चक्रधर स्वामी गुजरातेत भडोचेस प्रधानाच्या घरचे, हे खरे. पण एकाने मुंजीच्या वयातच जानवे नाकारून घर सोडले आणि दुसऱ्याने घरचे वैभव टाकून भिक्षेची झोळी घेतली, असे त्यांच्या त्यांच्या पंथाचे लोक सांगतात. म्हणजे वरून खाली उतरून ते आमच्याच पंगतीला आले. (बुद्धाचे नाव आम्ही येथे घेतले नाही, याचा कोणी राग मानू नये. त्याने देवाचा प्रश्नच बाजूस ठेवला, आणि आमचा आजचा विषय एक देव सांगणाऱ्यांचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास जे झाले त्याची थोरवी वेगळ्या लेखाची आहे.)

आता या लोकांवर राग कोणाचा झाला आणि का झाला, ते पाहा. सगळी मख्खी येथे आहे.

यरुशलेमच्या देवळात रोमन राज्याचे नाणे चालत नसे. लांबून आलेल्या गरिबाने आधी आपले नाणे बदलून देवळाचे नाणे घ्यावे, बदलणाऱ्याने त्यात आपला बट्टा कापावा, मग त्या नाण्याने कबुतराची जोडी विकत घेऊन बळी द्यावा, असा कारभार होता. येशूने त्या सराफांची मेजे उलथून टाकली व कबुतरे विकणाऱ्यांस हाकलले. तो आंधळ्यांस दृष्टी देत होता तोवर मुख्य पुजाऱ्यांनी सोसले. मेज उलथल्यावर मात्र त्याला रोमन सुभेदार पिलातापुढे उभा करून मरणाची शिक्षा देववली.

मक्केची गोष्ट पाहा. काबाच्या आवारात ३६० मूर्ती होत्या, असे परंपरा सांगते. अरबस्तानातले टोळीवाले आपापल्या देवास भेटावयास यावे, जत्रा भरावी, व्यापार व्हावा, आणि या सगळ्याचा मानपान व मिळकत कुरैशांच्या हाती राहावी. अशा ठिकाणी एक चाळिशीचा माणूस उठून म्हणतो की देव एक, आणि त्याच्यापुढे हबशी गुलाम बिलाल व कुरैशांचा सरदार सारखेच! कुरैशांनी आधी थट्टा केली, मग लालूच दाखवली, मग त्यांच्या कुळावर बहिष्कार घातला. आमच्या खेड्यात हुक्कापाणी बंद करणे म्हणतात तेच हे. सोयरीक बंद, खरेदी-विक्री बंद. शेवटी ६२२ साली त्यांना मक्का सोडून मदिनेस जावे लागले. ६३० साली ते परत आले, तेव्हा मूर्ती गेल्या. आणि काबावर चढून बांग देण्याचा मान त्या बिलालास मिळाला, ज्याला मालकाने तापल्या वाळूत पाडून छातीवर धोंडा ठेवला होता.

आता कोणी म्हणेल, मास्तर, हे परदेशचे झाले. ठीक आहे, आपल्या नदीकडे चला. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा, आणि त्यात रिद्धपूर. तेथे गोविंदप्रभू राहत. त्यांना गुरू करून चक्रधर स्वामींनी तेराव्या शतकात याच मुलखात, याच मराठीत सांगितले की, मोक्ष देणारा परमेश्वर एकच. बाकी देवतांच्या मागे लागून तो मिळत नाही. त्यांनी बायकांना संन्यासाचा अधिकार दिला, शूद्रातिशूद्रांच्या घरचे अन्न घेतले, आणि विटाळाची गोष्ट निघाली तेव्हा तो देहाच्या इतर मळांसारखाच एक, असे बायकांना समजावले. साडेसातशे वर्षे होऊन गेली. आमच्या सुशिक्षित म्हणवणाऱ्या किती घरांत ही गोष्ट अजून पोहोचली आहे?

त्याच वेळी देवगिरीस यादवांच्या दरबारी हेमाद्री पंडित प्रधान होता. त्याने 'चतुर्वर्गचिंतामणी' नावाचा प्रचंड ग्रंथ केला. त्यातला व्रतखंड म्हणजे वर्षाच्या दर तिथीला काही ना काही व्रत, आणि दर व्रताला दान. वाचकहो, दोन्ही पारडी समोर ठेवा. एका बाजूस एक परमेश्वर आणि साधी भिक्षा; दुसऱ्या बाजूस उपासतापास, उद्यापने व दक्षिणा यांची भलीथोरली वही. यांचे पटावे कसे? चक्रधरांचा छळ झाला आणि त्यात हेमाद्रीचा हात होता, असे महानुभावांची परंपरा सांगते. शेवटी ते उत्तरेकडे निघून गेले, असे पंथाचे मानणे आहे.

त्याआधी शंभर वर्षे बसवेश्वर. मंगळवेढे आपल्या सोलापूर जिल्ह्यात. तेथे ते राहिले, पुढे कल्याणास बिज्जल राजाचे मंत्री झाले. देऊळ नको, पुजारी नको. इष्टलिंग ज्याचे त्याच्या गळ्यात! ज्याचा देव त्याच्या छातीवर, त्याला गाभाऱ्याच्या दारात कोण अडवणार? त्यांच्या मेळ्यात चांभार हरळय्याच्या मुलाला ब्राह्मण मधुवरसाची मुलगी दिली गेली, आणि मग काय विचारता! दोन्ही बापांना क्रूर शिक्षा झाली, कल्याणात रक्त सांडले, शरण लोक देशोधडीस लागले. बसवेश्वरांनी कुडलसंगमास जाऊन देह ठेवला.

आणि पुण्यात काय झाले, ते या पत्राच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. १८४८ साली मुलींची शाळा काढली. दुसऱ्याच वर्षी बापाला लोकांनी भरीस घालून जोतीराव व सावित्रीबाई यांना घराबाहेर काढविले. २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज निघाला, आणि देव निर्मिक आहे, एक आहे, त्याच्या व माणसाच्या मध्ये कोणी नको, असे ठरले. त्यावर शास्त्रार्थ करावयास फार थोडे आले. पण भटजीवाचून लग्न लागताच गोष्ट कोर्टात गेली. जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या लग्नाचे प्रकरण प्रसिद्धच आहे. देवाची व्याख्या बदलली तर चालते. हक्काची दक्षिणा बुडाली तर फिर्याद होते!

येथे एक शहाणा पुढे येऊन म्हणेल की, मास्तर, ही चरित्रे भक्तांनी लिहिलेली. एकाची गोष्ट दुसऱ्याने उचलली, म्हणून ती सारखी दिसतात. शंका रास्त आहे आणि अर्धी खरीही आहे. चमत्कार खरोखरच या तोंडातून त्या तोंडात जातात. झोपलेल्या नानकावर नागाने फणा धरला, असे जन्मसाखीवाले सांगतात. तीच गोष्ट आमच्याकडे धनगराचा पोर मल्हारराव होळकर याच्याविषयी सांगतात. आमच्याच जिल्ह्यात समुद्रपूर तालुक्यात गिरडची टेकडी पाहा. तेथे ख्वाजा शेख फरीद यांचा दर्गा. हिंदू-मुसलमान दोघेही श्रद्धेने जातात, आणि जाऊ देत. टेकडीवर सुपारी-जायफळाएवढे गोल दगड सापडतात. फकिराची थट्टा करणाऱ्या व्यापाऱ्यांचा माल शापाने दगड झाला, अशी कथा आहे. भूगर्भाचा अभ्यास करणारे सांगतात की काळ्या खडकात असे खनिजाचे गोळे आपोआप घडतात. कथा गोड आहे. मुलांना आम्हीही सांगतो, आणि सांगून झाल्यावर दगडही हातात देतो.

पण उचललेली गोष्ट कोणती आणि घडलेली कोणती, हे ओळखण्यास एक खूण आहे. भक्त चमत्कार उचलतो, कारण त्याने गुरूची शोभा वाढते. येशूचा वैरी नाणे बदलणारा, पैगंबरांचा वैरी जत्रेचा मानकरी, चक्रधरांचा वैरी व्रतांची वही लिहिणारा, जोतीरावांचा वैरी लग्नाच्या दक्षिणेचा हक्कदार. हा तपशील कोणी कोणाचा उचलला? यरुशलेमचे सराफ आणि ओतूरचे जोशी यांची कधी गाठ पडली होती काय? कापसाच्या बाजारात कास्तकार गाडी घेऊन थेट गिरणीच्या दारात उभा राहिला तर कोणाच्या पोटात दुखेल, हे हिंगणघाटच्या पोरालाही सांगावे लागत नाही. धंदा एक, म्हणून वैर एक, म्हणून चरित्रे सारखी.

उलट बाजूही तपासू. एक देव गादीवरून सांगून पाहणारेही झाले. सव्वातीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी मिसरात अखनातन नावाचा राजा झाला. त्याने सूर्यबिंब हाच एक देव ठरवून बाकी देवळांचे उत्पन्न तोडले, नवी राजधानी वसवली. तो मेला आणि अमोन देवाचे पुजारी परत आले. त्याचे नाव दगडांवरून छिन्नीने खरवडून काढले. अकबर बादशहाने १५८२ च्या सुमारास दीन-ए-इलाही काढला. मूठभर दरबारी त्यात आले आणि बादशहाबरोबर तोही संपला. हुकुमाने आलेला एक देव हुकुमाबरोबर गेला. मेंढक्याने आणि सुताराने सांगितलेला मात्र टिकला.

टिकला खरा, पण कोणत्या रूपात? आता जे लिहितो ते आमच्याच मंडळींस कडू लागेल.

मोशे डोंगरावर देवाची आज्ञा आणावयास गेला. यावयास उशीर झाला, तेव्हा लोक घाबरले, आणि त्यांना कोणी फसवले? परक्याने नव्हे. मोशेचा सख्खा भाऊ अहरोन, जो पुढे मुख्य पुजारी झाला, त्याने बायापोरांच्या कानांतले सोने मागून घेतले, ओतून वासरू केले, आणि लोक म्हणू लागले, हाच आपला देव! मोशेने परत येऊन वासराचा चुरा केला. पण नेहमी कोण परत येतो?

चक्रधरांनी मराठी धरली ती म्हाताऱ्या बायाबापड्यांना कळावे म्हणून. त्यांच्यामागे नागदेवाचार्य आले, त्यांनीही केशोबासांना संस्कृतात लिहिण्यापासून अडवले, की त्याने माझ्या म्हाताऱ्या नागवतील. आणि त्याच पंथाने पुढे आपले ग्रंथ सकळा, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत कोंडले! बाहेरच्यांच्या भयाने कोंडले असतील. भय खोटे नव्हते. तरी परिणाम हा झाला की, 'लीळाचरित्र' हा मराठीतला पहिला गद्य चरित्रग्रंथ मराठी माणसाला शतकानुशतके वाचता आला नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी राजवाड्यांनी लिपीची किल्ली उलगडली तेव्हा दार उघडले. राजवाडे ब्राह्मण होते, हे आम्ही मुद्दाम नमूद करतो. म्हाइंभट ब्राह्मण, नागदेवाचार्य ब्राह्मण, जोतीरावांच्या शाळेला वाडा देणारे भिडे ब्राह्मण. आणि जोतीरावांनी दत्तक घेतलेला यशवंत ब्राह्मण विधवेचा मुलगा. आमचे भांडण जन्माशी नाही, दारात हात पसरून उभे राहण्याच्या धंद्याशी आहे. पवनारचे विनोबा जन्माने ब्राह्मणच ना? १९५३ साली ते हरिजनांस घेऊन देवघरच्या वैद्यनाथाला गेले, तेव्हा पंड्यांनी त्यांनाही मार दिला. दारापुढे सगळे सारखे!

शिखांचे पाहा. नानकांनी पुजारी नको म्हटले. पुढे गुरुद्वारांवर महंत बसले, जमिनी घरच्यासारख्या खाऊ लागले. १९२१ साली ननकाना साहेबात, नानकांच्या जन्मस्थानीच, महंताच्या माणसांनी निःशस्त्र शिखांची कत्तल केली. १९२५ साली कायदा होऊन गुरुद्वारे लोकांच्या निवडलेल्या कमिटीकडे आली. चारशे वर्षांत वासरू दोनदा ओतले गेले, असे म्हणावयास हरकत नाही. लिंगायतांत जंगम आले, मुसलमानांत पीरजादे आणि मुजावर आले, ख्रिस्त्यांत पापक्षमेच्या चिठ्ठ्या विकणारे आले. कोणी कोणाला हसू नये.

आणि आम्ही? आम्ही जोतीरावांचे काय केले? पुतळा केला. अकरा एप्रिलला हार, अठ्ठावीस नोव्हेंबरला हार, डीजे, फलकावर पुढाऱ्यांची तोंडे. हार घालणाराच दुसऱ्या आठवड्यात घरभरणीला मुहूर्त काढवतो. आमच्या ओळखीच्या एका कास्तकाराचे सोयाबीन गेले, कापसाला भाव नव्हता, बँकेची नोटीस दारावर. त्याला कोणी सांगितले की पूर्वजांचा दोष आहे, विधी करा. त्याने बायकोची पोत गहाण ठेवून लांबच्या क्षेत्री जाऊन तीन दिवसांचा विधी करून आणला. नोटीस तशीच दारावर होती. विधी सांगणारा भटजी नव्हता, आमच्यातलाच एक भगतबुवा होता. त्याने आपले कमिशन आधी घेतले. ब्राह्मण नसलेला भट हा भट नव्हे काय? अहरोन मोशेचा सख्खा भाऊ होता, हे विसरू नका.

आमच्या वऱ्हाड-वर्ध्याकडच्या बाया कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात. दहीभात घेऊन वावरात जायचे, झाडाला नमस्कार करायचा, शिंपडायचा, वेचायला लागायचे. त्यात मुहूर्तवाला नाही, दक्षिणा नाही. घरची लक्ष्मीच सगळे करते. त्यावाचून आजवर कोणाचे बोंड फुटायचे राहिले, असे ऐकिवात नाही. मग लग्नालाच मधला माणूस का लागतो? तेराव्यालाच का लागतो? त्या दोन वेळा माणूस हरखलेला किंवा भ्यालेला असतो आणि हिशोब विचारीत नाही, याशिवाय दुसरे कारण आम्हांस दिसत नाही.

जोतीरावांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मृत्यूनंतर १८९१ साली छापले गेले. पुतळ्याला हार घालणाऱ्यांपैकी किती जणांनी ते उघडले असेल? त्यात त्यांनी एक घर कल्पिले आहे. बाईने बौद्ध ग्रंथ वाचून वाटल्यास तो धर्म घ्यावा. नवऱ्याने बायबल वाचून ख्रिस्ती व्हावे. मुलीने कुराण वाचून मुसलमान व्हावे. मुलाने सत्यधर्मी व्हावे. आणि चौघांनी एका घरात, एकमेकांचा हेवा न करता नांदावे. याच जोतीरावांनी पैगंबरांवर 'मानव महंमद' या नावाने कवन केले. अवतार म्हटले नाही, मानव म्हटले. पहिल्या उपदेशकाला आणि दुसऱ्या उपदेशकाला, दोघांनाही हे घर पाहवणार नाही. कारण त्यात पाया पडण्याचे काम नाही आणि परक्याचा द्वेष करण्याचेही नाही. चौघेही आधी वाचतात, मग ठरवतात.

त्याच पुस्तकात लग्नाचा विधीही दिला आहे. वधूवरांनी एकमेकांना वचने द्यावी, मंगलाष्टके कोणीही म्हणावी. आमच्या शाळेतल्या मोठ्या मुलींना आम्ही ती म्हणावयास शिकवली आहेत. स्पष्ट, न अडखळता म्हणतात. वैशाखात आसपासच्या पाच-दहा गावांत ज्यांच्या घरी कार्य असेल त्यांनी आठ दिवस आधी कळवावे. पोरींना आईबापांच्या परवानगीने घेऊन येऊ. दक्षिणा घेणार नाही. जेवावयास मात्र बसू.

आपला नम्र,
वर्धा जिल्ह्यातील एक शाळामास्तर